शॉर्ट लाइनचं एचओ सामान: आठ फुटी फळी, दोन सांधे, आठ वाघिणी

सांगली-मिरजेच्या फ्लॅटमध्ये एचओ मापाची, म्हणजे १:८७ची रेल्वे मांडायची असेल तर गोल फिरणारा स्टार्टर सेट घेऊ नका. १८ इंच त्रिज्येचं ते वर्तुळ साडेतीन फूट जागा अडवतं आणि आठवड्याभरात कंटाळा येतो. त्यापेक्षा अमेरिकन शॉर्ट लाइनचं सामान घ्या: चार आसांचं एक डिझेल इंजिन, आठ वाघिणी, दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि भिंतीला ठोकलेली आठ फूट बाय एक फुटाची फळी. खर्च सेटपेक्षा जास्त, पण वसूल होतो.

शॉर्ट लाइन म्हणजे छोट्या कंपनीची छोटी मालवाहू रेल्वे, नॅरोगेज नव्हे. आपल्याकडे मिरजेला येणारी बार्शी लाइट रेल्वे छोटी होती, पण तिचा गेज अडीच फुटांचा. ब्रॉडगेजवर माल न्यायचा तर तो उतरवून पुन्हा चढवावा लागे. अमेरिकेतल्या शॉर्ट लाइनचा गेज मोठ्या कंपन्यांसारखाच १४३५ मिमी, त्यामुळे वाघिणी जशाच्या तशा पुढे जातात. १९८०च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना तोट्यातल्या शाखा विकणं सोपं झालं. छोट्या कंपन्यांनी त्या घेतल्या आणि सेकंडहँड इंजिनांवर चालवल्या. मॉडेलवाल्याच्या हे पथ्यावर पडतं: एका इंजिनाची गाडी, मागे गार्डचा डबा नाही, वाघिणी दहा कंपन्यांच्या, आणि इंजिनावर जुन्याच मालकाचा रंग, फक्त नावावर पट्टा मारलेला. रंगकाम थोडं बिघडलं तरी ते खरंच वाटतं.

इंजिन जीपी३८-२ घ्यावं. ईएमडी या अमेरिकन कंपनीनं १९७२पासून बांधलेलं, २,००० हॉर्सपॉवरचं. एचओत साधारण २१ सेंमी. ॲथर्न आणि बाखमन दोघांनीही त्याची मॉडेलं काढली आहेत. सहा आसांचं इंजिन दिसायला दणकट, पण या फळीवर ते नुसती जागा खातं. घेताना दोनच गोष्टी पाहा: आठही चाकांतून वीज घेतं का, आणि किती हळू चालतं. अमेरिकेत सर्वांत खालच्या वर्गाच्या रुळांवर मालगाडीला ताशी १० मैलांची मर्यादा असते. या मापात ती सेकंदाला ५ सेंमी होते. रुळाशेजारी शाळेची ३० सेंमीची पट्टी ठेवा. इंजिनानं ती न अडखळता, सहा सेकंद घेऊन पार केली तर पास. आवाजाचा डीकोडर (इंजिनातली इलेक्ट्रॉनिक चिप) असलेलं मॉडेल साध्या डीसीवर मात्र सहा-सात व्होल्ट मिळेपर्यंत जागचं हलत नाही. एकाच इंजिनाला डीसीसीची, म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश पाठवणाऱ्या कंट्रोलची, घाई नको, म्हणून डीकोडर नसलेलं घ्या.

आराखडा इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांचा, नाव इंगलनूक. तीन सायडिंग: एकीत पाच वाघिणींची जागा, बाकी दोघींत तीन-तीनची, शंटिंगच्या टोकाला इंजिन अधिक तीन वाघिणी. प्रत्येक वाघिणीची एक अशा आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. क्रम होतात ६,७२०, तेव्हा कोडं लवकर संपत नाही. ५० फुटी बॉक्सकार कपलिंगसह सुमारे १९.५ सेंमी धरा. शंटिंगला ८० सेंमी, पेको या ब्रिटिश कंपनीचे मध्यम सांधे प्रत्येकी २१.९, लांब सायडिंग ९८. एकूण सव्वादोन मीटरच्या आत. उरलेले वीसेक सेंमी सांध्याजवळच्या मोकळ्या जागेला लागतातच. ते वाचवायला गेलात की शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला इंजिनाचा कोपरा घासतो.

पेकोच्या सांध्यात स्प्रिंग असते, बोटानं ढकलला की बसतो, मोटर लागत नाही. इलेक्ट्रोफ्रॉग, म्हणजे ज्याच्या फ्रॉगमध्ये (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकात) वीज असते तो, घेतला तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जॉइनर (रूळ जोडणारे तुकडे) लावा, नाहीतर सांधा फिरवताच शॉर्टसर्किट. पहिल्यांदाच करणाऱ्यानं इन्सुलफ्रॉग, म्हणजे प्लास्टिकच्या फ्रॉगचा, घ्यावा. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर सोल्डर करा. जॉइनरवर विसंबलात तर पावसाळ्यात गंज धरतो आणि इंजिन त्याच जागी थबकतं.

खरी डोकेदुखी वाघिणींची. तीन वाघिणी मागे ढकलताना हलकी वाघीण सांध्यावर उडते. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं माप सोपं आहे: २८ ग्रॅम, अधिक प्रत्येक इंचाला १४. सात इंची वाघिणीला १२६ ग्रॅम हवेत. कमी पडलं तर टायरच्या दुकानात मिळणारी शिशाची चिकट बॅलन्सिंग वजनं आत लावा. आधी चुंबक लावून पाहा. लोखंडी निघाली तर परत करा, कारण रुळांमधलं, कपलिंग सोडवणारं केडी कंपनीचं चुंबक वाघीण ओढून जागा सोडायला लावतं. लोखंडी आसांचाही तोच त्रास.

फळीला १२ मिमी प्लायवुड. आठ बाय चारच्या एका शीटमधून चार फळ्या निघतात, उरलेल्या तिघांचं काय करायचं ते मित्रांना विचारा. खालून-वरून वॉर्निश मारा. २० अंशांच्या फरकानं आठ फुटी रूळ पाऊण मिलिमीटर वाढतो, म्हणून मे महिन्यात रूळ टाकत असाल तर रुळांच्या जोडांत फट कमी चालेल, जानेवारीत मात्र सोडावीच लागेल. धूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल मिरजेच्या सर्जिकल दुकानांत विचारा. अमेरिकेतून मागवलेल्या ॲडॉप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घालू नका. १००-२४० लिहिलेलाच चालतो.

कपलिंग केडी ५ नंबर, नऊ जोड्या लागतात. अकरा मागवा. त्यातली केसाएवढी स्प्रिंग चिमट्यातून एकदा उडाली की फरशीवर सापडत नाही.