डबा बदलावा की धुराडे उभारावे? फर्निचरच्या पॉलिशकामातील हवाप्रदूषणाचा तुलनात्मक आढावा

नवी मुंबईत तुर्भे, पावणे किंवा रबाळे येथील एमआयडीसीत गाळा घेऊन फर्निचरचे काम करणाऱ्या मालकापुढे पॉलिशच्या वासाचा प्रश्न बहुधा दोन निमित्तांनी उभा राहतो: शेजारच्या गाळ्यातून तक्रार होते, किंवा प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्राच्या नूतनीकरणाची वेळ येते. दोन्ही वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो, की फवारणीचा बंदिस्त बूथ बसवा आणि धुराडे उंच करा. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. फवारणीतून दोन वेगळ्या गोष्टी हवेत जातात. लॅकरचे बारीक कण बूथच्या फिल्टरमध्ये अडकतात. थिनरची वाफ मात्र त्याच फिल्टरमधून जशीच्या तशी बाहेर पडते. ही वाफ म्हणजेच व्हीओसी (सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे), आणि वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांशी उन्हात तिची प्रक्रिया होऊन जमिनीलगतचा ओझोन तयार होतो.

ती रोखण्याचे नियम जगभरात दोन टोकांनी लिहिलेले दिसतात. लॉस एंजेलिस परिसराच्या साउथ कोस्ट हवा व्यवस्थापन जिल्ह्याचा नियम ११३६ डब्यापासून, म्हणजे डब्यातल्या लेपापासून, सुरू होतो: पारदर्शक टॉपकोट आणि सीलर यांना लिटरमागे २७५ ग्रॅम व्हीओसीची मर्यादा, तीही पाणी वगळून मोजलेली, आणि फवारणी एचव्हीएलपी (जास्त हवा, पण कमी दाबाची गन) किंवा तितक्याच कार्यक्षम पद्धतीने. युरोपीय संघाचा नियम धुराड्याकडून येतो. वर्षाला १५ टनांहून अधिक द्रावक (थिनरसारखे उडून जाणारे द्रव) वापरणाऱ्या लाकूड-लेपन कारखान्यांना तो लागू होतो. १५ ते २५ टनांच्या गटात बाहेर जाणाऱ्या हवेत घनमीटरमागे वाफेतला १०० मिलिग्रॅम कार्बन चालतो, आणि दारे-खिडक्यांतून निसटणारी वाफ वापरलेल्या द्रावकाच्या २५ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. आपल्याकडे १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २१ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, आणि त्या उद्योगाने काय करायचे ते संमतिपत्राच्या अटींत लिहिलेले असते. त्यामुळे डबा बदलायचा की धुराडे उभारायचे, हा निर्णय बऱ्याच अंशी मालकाच्याच हाती राहतो, आणि तो घेण्यापूर्वी कागदावर थोडा हिशेब मांडलेला बरा.

प्लायवर वाळल्यानंतर एक किलो घन थर उरला पाहिजे, असे धरू. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर थिनर घालून गनमध्ये जाताना त्यात घन भाग साधारण २० टक्के असतो, आणि जुन्या पद्धतीच्या गनमधून उडालेल्या मालापैकी जेमतेम ३० टक्के लाकडावर बसतो. म्हणजे सुमारे १६.७ किलो मिश्रण उडवावे लागते आणि त्यातील १३.३ किलो द्रावक हवेत जाते. आता लॅकर तेच ठेवून फक्त गन बदलावी. एचव्हीएलपी गनच्या टोकाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या वर जात नाही, म्हणून फवारा लाकडावरून उलटा उसळत नाही आणि ६५ टक्क्यांच्या आसपास माल जागेवर बसतो. द्रावक ६ किलोंवर येते, निम्म्याहूनही खाली. पीयू (पॉलियुरेथेन) लेपामध्ये घन भाग ४० टक्के धरला, तर याच गनने २.३ किलो द्रावक जाते. पाण्याच्या लॅकरमध्ये घन भाग ३५ टक्के आणि द्रावक ७ टक्के धरले, तर आकडा ३०० ग्रॅमच्या आसपास येतो. कारागिराचा हात, गनचे टोक आणि वस्तूचा आकार यांप्रमाणे हे आकडे वरखाली होतील, पण त्यांचा क्रम सहसा बदलत नाही.

याच ठिकाणी माझे मत स्पष्ट आहे: गन बदलण्याचा निर्णय इतर कोणत्याही निर्णयाची वाट पाहत ठेवू नये. अमेरिकेच्या १९९५ च्या फर्निचर उद्योगविषयक मानकानेही साध्या एअर गनच्या वापरावर बंधने घातली आणि कारागिरांचे प्रशिक्षण व द्रावकाचे डबे झाकून ठेवणे सक्तीचे केले. त्यातली झाकणाची अट हास्यास्पद वाटू शकते. पण सकाळी गाळ्यात शिरून थिनरचा उघडा डबा, त्यावर वाळत टाकलेली चिंधी आणि गन धुऊन झाल्यावर उरलेला थिनर भिंतीच्या दिशेने फवारून संपवणारा मुलगा पाहिला, की तसे वाटेनासे होते.

लेपांची तुलना करताना पावसाळा विसरून चालत नाही. जुलैत खाडीकाठच्या दमट हवेत एनसी लॅकर पांढरे पडते, म्हणून कारागीर उशिरा उडणारे थिनर वाढवतात, आणि त्याबरोबर द्रावकही वाढते. मेलामाइनचे पॉलिश स्वस्त आणि कडक आहे, परंतु वाळताना ते फॉर्मल्डिहाइड सोडते. बंदिस्त गाळ्यात त्याच्या बाजूने बोलण्यासारखे फारसे काही नाही. पीयूचा थर जेवणाच्या टेबलाला आणि किचनच्या शटरला सर्वांत टिकाऊ ठरतो. मात्र त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, आणि धोक्याच्या पातळीला त्याचा वास येईलच असे नाही, म्हणून नाकावरच्या साध्या मास्कवर विसंबता येत नाही. फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क द्यावा लागतो. पाण्याचे लॅकर लिटरमागे महाग पडते, पहिल्या हातानंतर लाकडाचे रोम उभे करते म्हणून एक सँडिंग वाढते, गनचे आतले भाग स्टेनलेस स्टीलचे लागतात, आणि पावसाळ्यात पंख्याने व कोमट हवेने वाळवले नाही तर काम खोळंबते. त्याच्या दोन घटकी प्रकारातही हार्डनर आयसोसायनेटचाच असतो, हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. तरीही वॉर्डरोब, पलंग आणि भिंतीवरचे पॅनेल हेच मुख्य काम असणाऱ्या गाळ्याने पाण्याकडेच वळावे, असे मला वाटते.

धुराड्याची वाट धरणाऱ्याने वाफ शोषणाऱ्या कार्बनचा, म्हणजे सक्रिय कोळशाच्या फिल्टरचा, हिशेब करावा. सक्रिय कोळसा ढोबळमानाने आपल्या वजनाच्या १० ते २० टक्के द्रावक धरतो, आणि दमट हवेत त्याहून कमी. म्हणजे वरच्या पहिल्या उदाहरणातील १३ किलो वाफ शंभर किलो कोळसा जवळजवळ भरून टाकते, आणि भरलेला कोळसा न बदलता पंखा चालू ठेवला तर बाहेर वास तसाच येतो. पाण्याच्या पडद्याचा बूथ कण चांगले धरतो, पण त्याचे पाणी सांडपाणी ठरते आणि १९७४ चा जल कायदा लागू होतो. तळाला बसलेला गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा असतो; तो ९० दिवसांच्या आत महापे किंवा तळोजा येथील अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो. छोट्या गाळ्यासाठी कोरड्या फिल्टरचा बूथ सोयीचा, कारण त्याला सांडपाण्याची कटकट नसते. वापरलेले फिल्टर मात्र त्याच घातक कचऱ्यात जमा करावे लागतात. कार्बन अशाच ठिकाणी परवडतो, जिथे ग्राहकाच्या अटीमुळे द्रावकाचा लेप सोडता येत नाही आणि कोळसा बदलल्याची नोंद ठेवायला माणूस आहे.

डबा बदलायचे ठरले, तरी संमतिपत्राच्या अर्जात कच्च्या मालाची यादी बदलावी लागेल. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांची थिनरची बिले आधी एकत्र काढावीत. वर्षाला किती द्रावक उडते, हे त्यांच्याइतके खरे दुसरे काही सांगत नाही.