‘फाइव्ह पॉइंट वन’ करून देतो म्हणाला आणि मूळ फायलीच उडवल्या

जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली भजनं, कीर्तनं, घरातल्या माणसांचे आवाज असं काही तुमच्या हार्ड डिस्कवर असेल आणि कुणी ते ‘सराउंड’मध्ये, म्हणजे चारही बाजूंच्या स्पीकरमधून वाजेल असं करून देतो म्हणत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेसहा हजार रुपये गेले. त्याचं वाईट वाटतंच, पण खरं नुकसान पैशांचं नाही.

आमचे अण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. १९८३ ते १९९१ या काळात एकादशीची भजनं, कार्तिकातला काकडा, सप्ताहातला हरिपाठ असं त्यांनी जमेल तसं टेप करून ठेवलं. दोन माइक, एक डेक आणि देवळाच्या खांबाला सुतळीने बांधलेली वायर. अशा ३४ कॅसेटी झाल्या. २०१८ मध्ये मी त्या कोल्हापुरात एका जाणत्या माणसाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट (आवाज किती बारकाईने नोंदला त्याची ही मापं), फ्लॅक. एकूण ४० तास, ५२ जीबी. फ्लॅकमध्ये फाइल लहान होते, पण आवाजातलं काहीही टाकलं जात नाही. उलगडली की जसं होतं तसं सगळं परत मिळतं.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा महापूर आला. सांगलीतल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. हार्ड डिस्क माझ्या पर्समध्ये होती, कॅसेटींची ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर ती उघडली तर आत चिखल आणि एकमेकांना चिकटलेल्या टेपा. तेव्हापासून, काकड्याची एक फाइल सोडली, तर अण्णांचा पखवाज फक्त त्या डिस्कवर होता. दुसरी प्रत काढायला हवी होती. काढू काढू म्हणत राहून गेली, आणि ती माझी चूक.

मंडळातली चार-पाच म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना आषाढीला घरी बोलवून हे ऐकवायचं ठरवलं. ह्यांनी जुन्या बाजारातून पाच स्पीकर आणि एक वूफर असलेला होम थिएटर आणला होता, ऑप्टिकल केबलने जोडलेला. त्याच सुमारास पुण्यातल्या एकाची जाहिरात दिसली: कोणतीही फ्लॅक फाइल डीटीएस फाइव्ह पॉइंट वनमध्ये, स्टुडिओ क्वालिटी. डीटीएस आणि डॉल्बी या आवाज दाबून साठवायच्या पद्धती; फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. तासाला २५० रुपये. म्हणजे माझे दहा हजार, त्यातले साडेसहा आगाऊ.

मी स्वतः दुकानात गेले. तो गोड बोलला. “ताई, ऑप्टिकलमधून फ्लॅक जातच नाही. डॉल्बी नाहीतर डीटीएसच लागतं. नाहीतर मागचे स्पीकर मुकेच राहणार तुमचे.” मग त्याने काचेच्या खोलीत बसवून एका सिनेमातला तुकडा ऐकवला. हेलिकॉप्टर मागून डोक्यावरून पुढे गेलं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी तिथेच पैसे पाठवले. तो तुकडा मुळातच सहा चॅनलसाठी, म्हणजे सहा स्पीकरना वेगवेगळा आवाज जाईल असा मिसळलेला होता, दोनाचे सहा करून तयार झालेला नव्हता, हे माझ्या ध्यानात यायला दोन महिने गेले. असा नमुना कुणी ऐकवला तर थांबा. तुमच्याच एका फाइलची पाच मिनिटं करून मागा, आणि ती फाइलही कॉपी करून द्या.

त्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणून मी फसले. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा आवाज न दाबता, जसाच्या तसा जातो. सहा चॅनलचा तसा मावत नाही; तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबूनच पाठवावा लागतो. त्यामुळे ज्याच्याकडे मुळात सहा चॅनलची फ्लॅक आहे आणि रिसीव्हर (स्पीकर चालवणारा डबा) जुना आहे, त्याला या रूपांतराचा खरोखर उपयोग होतो. ते काम एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर करतं. पण अण्णांनी लावलेले माइक दोन होते. माझ्या फायलीत चॅनल दोनच होते. कॉम्प्युटरने फ्लॅक उलगडून दिली की त्या केबलमधून त्या सरळ वाजल्या असत्या. मागचे स्पीकर हवेच असतील तर आमच्या रिसीव्हरमध्ये प्रो लॉजिक टू नावाची सोय होती. ती दोन चॅनलचा आवाज पाचही स्पीकरना वाटून देते आणि फाइलला हातही लावत नाही. रिमोटवर बटण होतं. मी फ्लॅक दोन चॅनलची आहे असं त्याला सांगितलं होतं, रिसीव्हरचा फोटो दाखवला होता. तरी त्याने काम घेतलं.

तीन आठवड्यांनी डिस्क परत आली. आत दोन फोल्डर, ‘डीटीएस ५.१’ आणि ‘ओरिजिनल’. दोन्हींत ३४-३४ फायली. मोजून घेतल्या, म्हटलं बरोबर आहे.

आषाढीला तात्या आले, आप्पा आले, वीणेकरी बुवा काठी टेकत आले. रूपाच्या अभंगाला सुरुवात झाली आणि पाच मिनिटांत आप्पांनी हात वर केला. ते आयुष्यभर टाळ वाजवलेले. म्हणाले, “पोरी, टाळ असे सुपात खडे पाखडल्यासारखे का वाजतायत?” बुवा तर मागच्या स्पीकरकडे वळून वळून बघत होते. “वीणा माझ्या पाठीमागनं कशी येतीय? मी तर मधोमध उभा असायचो, तुझ्या बापाच्या समोर.” मला वाटलं आपले स्पीकर वाईट. पण तात्या जाताना जे बोलले ते मनातून जाईना: पखवाजाची थाप पडायच्या आधीच तिची सावली ऐकू येते.

नणंदेचा मुलगा मिरजेला असतो, साउंडचं काम करतो. त्याला बोलावलं. त्याने आधी एकही फाइल वाजवली नाही, नुसती फोल्डरची साइझ बघितली. म्हणाला, “मामी, डीटीएसचा पूर्ण दर सेकंदाला १५०९ किलोबिट असतो. म्हणजे तासाला साधारण ६८० एमबी. चाळीस तासांचे २७ जीबी व्हायला हवेत. हे आठ आहेत.” आठ जीबी भागिले चाळीस म्हणजे तासाला २०० एमबी, म्हणजे ४४८ किलोबिट. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली तर तेच लिहिलेलं: एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल, ४४८. डीव्हीडीवर डॉल्बीचा कमाल दर तो. डॉल्बी डिजिटल वर ६४० पर्यंत जातो, तोही त्याने वापरला नव्हता. हा भागाकार कुणालाही जमतो आणि माल ताब्यात घेतानाच करता येतो. मी तो केला नाही.

मग त्याने ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा चॅनल वेगवेगळे उघडले. पुढचा डावा आणि मागचा डावा घेऊन एकाची लाट उलटी केली, म्हणजे सारखं असेल ते एकमेकांना खोडेल, आणि दोन्ही एकत्र वाजवले. दोघांत काही वेगळं असतं तर ते उरलं असतं. उरली ती फक्त बारीक खसखस. मधला चॅनल म्हणजे डावा अधिक उजवा. वूफरचा म्हणजे त्याचाच खालचा सूर. दोन माइकचा आवाज सहा ठिकाणी चिकटवून दहा हजार लावले होते.

टाळ का बिघडले तेही त्याने समजावलं. आवाज दाबणाऱ्या या पद्धती तो छोट्या छोट्या तुकड्यांत घेतात आणि कानाला कळणार नाही असं वाटतं ते टाकतात. पेटीचा लांब सूर त्यातून निभावतो. टाळाचा ठोका निभावत नाही. तो क्षणात चढतो, त्यात वरचे सूर ठासून भरलेले असतात, आणि बिट कमी पडले की चूक त्या ठोक्याच्या आधीही पसरते. तात्यांना ऐकू आलेली सावली ती हीच. त्यात ४४८ किलोबिटांचे वाटेकरी सहा. भजनाचं रेकॉर्डिंग अशा पद्धतीत दाबायचंच असेल तर आधी टाळ ऐकून बघा, गाणं नंतर.

तोपर्यंत मी शांत होते. मूळ फायली आहेत ना, पुन्हा त्यावरून घेऊ, असं म्हणत होते. तेव्हा त्याने ‘ओरिजिनल’ फोल्डर उघडलं. ५२ जीबीचं १६ जीबी झालं होतं. फायली फ्लॅकच, पण ४८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट. काकड्याच्या एका कॅसेटची मूळ फाइल मी पूर्वी भाच्याला पेन ड्राइव्हवर दिली होती. ती आणि डिस्कवरची अशा दोन्ही त्याने आवाजातले खालचे-वरचे सूर चित्रात दाखवणाऱ्या स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी लावल्या. पेन ड्राइव्हवरच्या फाइलीत कॅसेटची सुसू धुक्यासारखी वरपर्यंत पसरलेली दिसत होती. डिस्कवरच्या फाइलीत १६ किलोहर्ट्झ उंचीच्या सुरापाशी रेघ मारून कापल्यासारखं सगळं संपत होतं, त्याच्या वर काळं. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीची ही ओळखीची खूण आहे. म्हणजे कुणीतरी माझ्या फायलींची एमपीथ्री केली, त्यावरून सहा चॅनल बनवले, आणि मूळ उडवून त्या एमपीथ्रीलाच पुन्हा फ्लॅकचा सदरा घालून मला परत दिलं. फ्लॅक हे फाइलचं नाव झालं. आत एकदा टाकून दिलेला आवाज कशानेही परत येत नाही.

मी फोन केला. म्हणाला, “ताई, आमचं सॉफ्टवेअर ९६ घेत नाही म्हणून आधी एमपीथ्री केलं. जागा पण भरत होती. आणि फ्लॅकच दिलंय ना परत? कानाला काय फरक कळतो?” त्यानंतर त्याने माझा फोन घेतला नाही.

बिल नव्हतं, पैसे त्याच्या वैयक्तिक नंबरवर गेले होते. तरी मेसेजमध्ये दर, ‘डीटीएस’ हा शब्द आणि ‘ओरिजिनल सेफ राहील’ हे त्याने स्वतः लिहिलेलं होतं. ते सगळं जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. पाठपुरावा करून चार हजार परत आले. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर १९३० ला फोन करा, आणि तो त्याच दिवशी करा; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

मूळ फायली गेल्याचं दिसताच भाच्याने एक गोष्ट पहिल्या मिनिटाला केली, ती तुम्हीही करा: डिस्क काढून बाजूला ठेवली आणि तिच्यावर काहीही लिहू दिलं नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून उडवलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तशीच पडलेली असते. डिस्क ५०० जीबीची, पुण्याच्या माणसाने नव्याने लिहिले होते २४ जीबी. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून सापडेल ते भाच्याने दुसऱ्या डिस्कवर काढलं. फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा शिक्का असतो, एमडी-५ म्हणतात त्याला. त्याच्याशी ताडून बघितल्यावर २३ फायली अखंड निघाल्या. या शिक्क्याबद्दल एक लक्षात ठेवा: नकली फ्लॅकही त्या तपासणीत पास होते, कारण तिचा शिक्का तिच्या स्वतःच्या आवाजाचा असतो. म्हणून फायली बाहेर देण्याआधी मूळ शिक्के कागदावर उतरवून ठेवा आणि परत आल्यावर जुळवा. त्याहून बरं म्हणजे मूळ डिस्क घराबाहेर काढूच नका.

सापडलेल्या फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. पण अण्णांना सवय होती, टेप सुरू केली की आधी तिथी आणि साल बोलायचे, मग खोकायचे, मग पखवाजाला पीठ लावल्याचा आवाज. त्यावरून तात्यांनी आणि मी दोन दिवस बसून २३ फायलींना नावं दिली. एक प्रत आता मिरजेला आहे, एक माझ्याकडे. गेलेल्या ११ कॅसेटींच्या तारखा वहीत लिहिल्या आहेत. त्या रात्रींची टेप शेजारच्या गावातल्या कुणी उतरवून नेली होती का, ते आप्पा विचारून बघतायत.