किडनीच्या सिस्टिक गाठी: नागपूरच्या धंतोलीतल्या एका हिस्टोपॅथॉलॉजी (ऊती-तपासणी) लॅबचा रिव्ह्यू

सीटी स्कॅनवर किडनीत द्रव भरलेल्या अनेक कप्प्यांची (सिस्टिक) गाठ दिसली, बॉस्नियाक ३ किंवा ४ (कॅन्सरची शक्यता सांगणाऱ्या वरच्या श्रेणी) असा शेरा आला, की रेडिऑलॉजिस्टचेही हात टेकतात. सिस्टिक नेफ्रोमासारखी साधी गाठ आणि सिस्टिक कॅन्सर फिल्मवर वेगळे ओळखता येत नाहीत. खरा निकाल लागतो तो ऑपरेशननंतर, ग्रॉसिंगच्या टेबलावर, म्हणजे काढलेली गाठ चिरून, डोळ्यांनी तपासून तिचे तुकडे घेतात तिथे. आमचा युरोलॉजी विभाग अशा गाठी या लॅबकडे पाठवतो, आणि ग्रॉसिंगला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असंच काम आहे.

‘मल्टिलॉक्युलर सिस्टिक मास’ एवढं लिहून इथे भागवत नाहीत. कॅप्सूल शाबूत आहे का, पडदे किती मिलिमीटर जाड, सिस्ट किडनीच्या पेल्व्हिसमध्ये (लघवी गोळा होते त्या भागात) उघडते का, कुठे पिवळसर किंवा भरीव भाग आहे का, सगळं रिपोर्टात येतं. गाठीच्या दर सेंटिमीटरमागे किमान एक ब्लॉक (स्लाइडसाठी मेणात बसवलेला तुकडा) घेतात. हे फार महत्त्वाचं, कारण क्लिअर सेल्सचे (कॅन्सरच्या फिकट पेशींचे) बारीक पुंजके पडद्याच्या एखाद्याच कोपऱ्यात असतात. मोजके ब्लॉक घेतले की निसटलेच.

सूक्ष्मदर्शकाखाली हॉबनेल (खिळ्याच्या डोक्यासारख्या फुगीर) पेशींचं अस्तर आणि अंडाशयासारखा स्ट्रोमा (आधार-ऊती) दिसला, की ईआर-पीआर हे हार्मोन रिसेप्टरचे स्टेन लावतात. स्ट्रोमातल्या पेशींची केंद्रकं रंगली तर सिस्टिक नेफ्रोमाचं निदान पक्कं होत जातं. क्लिअर सेल्सचा संशय असेल तर सीए-९ हा स्टेन. पॅक्स-८ हा स्टेन मात्र साधी गाठ आणि कॅन्सर, दोन्हीकडच्या अस्तरात पॉझिटिव्ह येतो, तो मागून पेशंटचं बिल वाढवू नये. २०१६ पासून डब्ल्यूएचओ प्रौढांमधला सिस्टिक नेफ्रोमा मिक्स्ड एपिथेलियल अँड स्ट्रोमल ट्यूमरच्या कुटुंबात धरते. लॅब दोन्ही नावं लिहिते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरचा गोंधळ होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत लॅब कमी पडते. तिथेही मोठ्यांचाच साचा वापरतात. मुलांमधली गाठ वेगळी: पडद्यात ब्लास्टेमा (अपरिपक्व, भ्रूणासारख्या पेशी) आहे की नाही हे स्पष्ट लिहायलाच हवं, आणि डायसर-१ या जनुकाच्या तपासणीचा सल्लाही, कारण त्याच जनुकीय दोषातून फुप्फुसातला प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा हा कॅन्सर होऊ शकतो. मुलांचे ब्लॉक आणि स्लाइड्स बालकर्करोगाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा बघून घ्याच.

नमुना नेण्याच्या पिकअपची मोठी तक्रार आहे. अख्ख्या किडनीसाठी लोणच्याच्या बरणीएवढा डबा देतात. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन (ऊती टिकवणारं द्रावण) स्पेसिमेनच्या किमान दहापट हवं. नाहीतर बाहेरचा थर पक्का होतो आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात आतला भाग सडतो. मग अस्तराच्या पेशी गळून पडतात आणि नेमकं हॉबनेल दिसत नाही. मोठ्या झाकणाचा डबा आपणच ठेवा. अर्धवट काढलेली किडनी असेल तर मार्जिनला (कापलेल्या कडेला) शाई लागण्याआधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) चिरू नका. पूर्ण किडनी असेल तर लॅबला फोन करून, त्यांच्या सांगण्यानुसारच उभी चिरून फॉर्मालिनमध्ये टाका.