भाषेचा शिक्षक निवडताना: नवा की मुरलेला?

दोन अर्ज समोर आहेत. एक नुकतंच प्रशिक्षण संपवलेल्याचा, दुसरा पंधरा वर्षं शिकवणाऱ्याचा. परवडत असेल तर बहुतेक जण डोळे मिटून दुसरा उचलतात. मीही बहुधा तोच उचलेन, पण डोळे उघडे ठेवून.

मराठी शिकणारा एक जण म्हणतो, "मी पुस्तक वाचलो." नवा शिक्षक लगेच सुधारतो, "वाचलं." विद्यार्थी मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी म्हणतो, "मी पत्र लिहिलो." मुरलेल्याला पहिल्याच वाक्यात कळतं की हा 'गेलो, आलो'च्या चालीवर क्रियापद स्वतःशी जुळवतोय, ते कर्माशी जुळवायला हवं हे त्याला ठाऊकच नाही. हा नियम सांगितला की "मग 'मी चहा प्यालो' कसं चालतं?" असं कुणीतरी विचारणार, हेही तो धरून असतो. व्याकरण दोघांनाही येतं. विद्यार्थी कुठे अडखळेल याचं ज्ञान वेगळं असतं, हे शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली मांडलं. ते बरंचसं वर्गातच मिळतं.

म्हणून नवा शिक्षक कोरी पाटी असतो असं मात्र नाही. शाळा संपेपर्यंत माणूस सुमारे १३,००० तास शिक्षकांना पाहत बसलेला असतो, असा समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांचा १९७५ चा हिशेब आहे. प्रशिक्षणात काहीही शिकवा, वर्ग हाताबाहेर जाऊ लागला की तोंडून आपल्याच जुन्या बाईंची वाक्यं बाहेर पडतात.

आता अनुभवाची दुसरी बाजू. "आधी रूपं पाठ, मग बोलणं" असं मानणारा शिक्षक म्हणेल, पंधरा वर्षांचा पडताळा आहे. पण ज्यांना पाठांतर जमलं नाही ते वर्ग सोडून गेले. उरलेल्यांकडे बोट दाखवून तो पडताळा सांगतोय. अशी समजूत वर्षागणिक घट्ट होते. नव्याची समजूतही उसनीच असते, पण ती अजून ओली असते.

त्यामुळे मुलाखतीत वर्षं मोजण्याऐवजी जुन्याला विचारा: पूर्वी करत होता असं काय सोडलंत, आणि कशामुळे? उत्तरात एखादा विद्यार्थी, एखादा फसलेला तास आला तर घ्या. "काही सोडावं लागलं नाही" म्हणाला तर मी नव्याकडे वळेन. नव्याला विचारा: तुम्ही स्वतः ही भाषा जशी शिकलात, त्यातलं काय वर्गात करणार नाही?

अगदी नवशिक्यांचा, सगळ्या वयांचा मिश्र वर्ग असेल तर मुरलेलाच हवा. तिथे चुका कुठूनही येतात. ठरलेला अभ्यासक्रम आणि मोजके विद्यार्थी असतील तर नवाही चालेल, फक्त पहिले काही आठवडे त्याला दुसऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या.