अर्ध्या तासाचं लिनक्स: सीएचरूट, अनशेअर, बबलरॅप की डॉकर?

इंदूरच्या रामबागेत आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा परवा लॅपटॉप घेऊन वर आला. "काका, जुन्या लायब्ररीवर एक प्रोग्राम बिल्ड करून बघायचाय, पण माझी सिस्टीम बिघडायला नको. डॉकर टाकू?"

"किती वेळाचं काम?"

"अर्धा तास."

डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या लायब्रऱ्यांसकट वेगळ्या डब्यात चालवायचं साधन. अर्ध्या तासासाठी ते म्हणजे चौघांच्या पोह्यांना लग्नाचं पातेलं.

हलकं काही हवं तर पहिलं सीएचरूट, 1979 पासूनचं. ते प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) रूट, म्हणजे सर्वांत वरचा फोल्डर तेवढा बदलतं, माउंट (फोल्डरांच्या जागी जोडलेल्या डिस्क वगैरे) सगळ्या सिस्टीमचेच राहतात. मला ते महागात पडलंय. सीएचरूटच्या फोल्डरात होम (माझ्या फायलींचा फोल्डर) बाइंड-माउंट केलं होतं, म्हणजे खरं होमच तिथूनही उघडेल असं जोडलं होतं. काम झालं, अनमाउंट करायला विसरलो आणि सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, अख्खा फोल्डर उडवला. एवढा वेळ का लागतोय म्हणून कंट्रोल-सी दाबलं, तोवर डॉक्युमेंट्स साफ.

माउंट नेमस्पेस, म्हणजे प्रोसेसला माउंटची स्वतंत्र यादी देणारी सोय, 2002 मध्ये, कर्नल (लिनक्सचा गाभा) 2.4.19 मध्ये आली. 'अनशेअर' कमांडनं अशी वेगळी यादी असलेलं शेल उघडा, आत टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती जागा) माउंट करा आणि त्यावर ओव्हरले (एकावर एक थर) रचा: खाली खरी सिस्टीम, वर रॅममधला थर. त्यात सीएचरूट करून शिरलात की इन्स्टॉल केलेलं सगळं त्या वरच्या थरात जातं. शेजारच्या टर्मिनलमध्ये 'फाइंडमाउंट' (माउंटची यादी दाखवणारी कमांड) चालवा, यातलं काहीच दिसत नाही. शेवटची प्रोसेस संपली की माउंट आपोआप जातात. मला आवडतं ते हेच, आवरायला विसरायची सोयच नाही.

खोडीही आहेत. वेगळी होते ती माउंटची यादी, फायली नव्हेत. खरं होम आत लिहिण्याजोगं जोडलंत तर माझ्यासारखंच रडाल. कर्नल 5.11 पासून ओव्हरले सुडोशिवायही जमतं, पण उबुंटू 24.04 मध्ये ॲपआर्मर (प्रोग्रामवर बंधनं घालणारी सुरक्षा) आडवं येतं. शिवाय सुडोशिवाय आत एकच युजर मॅप केलेला (बाहेरच्या युजरशी जोडलेला) असेल तर एपीटी (पॅकेज टाकणारी कमांड) फायलींची मालकी बदलताना अडतं. पॅकेज टाकायची असतील तर सरळ सुडो लावून अनशेअर करा.

कुणाचा तरी कोड चालवायचाय आणि त्याच्यावर भरवसा नाही? मग बबलरॅप. ॲप वेगळे ठेवून चालवणाऱ्या फ्लॅटपॅकच्या पोटात तेच आहे. आत काय दिसावं ते एकेक सांगावं लागतं, न सांगितलेलं दिसतच नाही. '/यूएसआर' (प्रोग्रामांचा फोल्डर) रीड-ओन्ली द्या, नेटवर्क तोडा. कमांड हातभर लांब होते. एकदा स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा.

डॉकर घ्या, पण तेच वातावरण दुसऱ्याच्या मशीनवर जसंच्या तसं हवं असेल तेव्हा. डॉकर ग्रुपमध्ये युजर टाकणं म्हणजे त्याला रूट (ॲडमिनचे सगळे अधिकार) देण्यासारखंच, एवढं ध्यानात ठेवा.

पोराला सुडो-अनशेअर आणि ओव्हरले लावून दिलं. वीस मिनिटांत बिल्ड झालं, त्यानं खुशीत 'एक्झिट' मारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, बिल्ड झालेली फाइल कुठे गेली?"