पेन की पंप? टाइप १ मधुमेह असलेल्या दीर्घ पल्ल्याच्या खेळाडूपुढील निवड

टाइप १ मधुमेह असलेल्या सायकलपटूने इन्सुलिन पेनने टोचून घ्यावे की पंपाने (त्वचेवर लावलेल्या, इन्सुलिन थोडे थोडे सतत सोडणाऱ्या यंत्राने), हा प्रश्न अखेर शर्यतीच्या दिवशी मात्रा किती बदलता येते यावर येऊन ठेपतो. पेनने दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन एकदा टोचले की ते २४ तास किंवा त्याहूनही अधिक काळ अंगात राहते. चार तासांच्या चढणीत स्नायू साखर झपाट्याने ओढू लागले तरी ते मागे घेता येत नाही, आणि खेळाडूला सतत कर्बोदके घेत राहावे लागते. पंपाची मात्रा मात्र तास-दीड तास आधीच निम्म्याहून खाली आणता येते, आणि माझ्या मते हा फरक निर्णायक आहे. तरीही पंप म्हणजे अभय नव्हे: अमेरिकेचा स्कीपटू क्रिस फ्रीमन पंप वापरत असूनही २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमधील ३० किलोमीटरच्या शर्यतीत साखर उतरल्याने कोसळला. शिवाय घामाने पंप त्वचेवरून सुटला, तर अंगात राखीव इन्सुलिन नसल्यामुळे काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी रक्तात साचणारी घातक आम्ले) वाढतात. पेन वापरणाऱ्याला ही धास्ती बरीच कमी असते. उत्तेजकविरोधी नियमांनुसार उपचारासाठी इन्सुलिन वापरण्याची सवलत दोघांनाही घ्यावीच लागते.