माझ्या ४२ फोटोंत एकही माणूस नव्हता, आणि लॅबवाल्या भाऊंना तेच पटेना

आधीच सांगते, ज्या फोटो लॅबबद्दल लिहितेय त्या दुकानाचं नाव लिहीत नाहीये. पुढे थोडी कुरकुर आहे आणि भाऊ माणूस इतका चांगला की मला परत तिथंच जायचंय. जळगावात पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, कपावर बाळाचा फोटो छापून देणारी जी दुकानं आहेत ना, त्यातलंच एक समजा. बाहेर काचेत नवरा-नवरीचे फोटो, आत निळा पडदा, आरशाजवळ दोरीला बांधलेला कंगवा, आणि खिळ्याला एक काळा कोट टायसकट टांगलेला, ज्याच्याकडे कोट नाही त्याने तो घालायचा आणि पासपोर्ट फोटो काढायचा.

माझं काम हिशेब तपासायचं, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस एसटीत. अमळनेर, पारोळा, रावेर, कधी पार शहाद्यापर्यंत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर सुट्टीच्या दिवशीपण उगाच कुठेतरी जाऊन येते. बाहेरचे पाहुणे जळगावला उतरतात ते अजिंठ्यासाठी, स्टेशनबाहेर गाडीत बसले की सरळ लेण्यांकडे जाणार, मधलं काहीच बघायचं नाही. मी त्या मधल्याचे फोटो काढते, साध्या मोबाइलवर. एसटीच्या खिडकीचा आडवा गज, जिथे हजारो हात लागून लाल रंग गेलाय आणि खालचा पिवळा दिसतोय, तोही गेलाय आणि लोखंड चकाकतंय. सावद्याकडे केळी भरणाऱ्या एका पोराच्या शर्टाची बाही, केळीच्या चिकाने अशी काळी-तपकिरी झालेली की नकाशाच वाटावा (तो डाग जात नाही, कितीही घासा). सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत सगळे घोड्यांचे फोटो काढत होते, रुबाबदार मान, उडणारी आयाळ वगैरे, मी घोडे बांधायच्या खुंट्यांचे काढले. एकेका खुंटीचं डोकं हातोडा खाऊन खाऊन फुलासारखं पसरलेलं असतं, कुणी बघतच नाही.

अमळनेरला एका बंद वाड्याच्या दाराला मोठं जुनं कुलूप होतं, त्याच्या कडीला वाळलेलं लिंबू आणि मिरच्या, आणि त्या दोऱ्याला कुणीतरी नंतर प्लास्टिकची सुतळी जोडून गाठ मारलेली. मी अर्धी वाकून फोटो घेतेय तर समोरच्या ओट्यावरून आजी म्हणाल्या, "कुलूपना फोटो कसाले काढी राहिनी व माय?" मी म्हटलं आवडलं म्हणून. तर म्हणे मग चहा पिऊनच जा, आणि गेले मी.

तर असे ४२ फोटो निवडले आणि म्हटलं मोबाइलमध्ये मरून जाण्यापेक्षा प्रिंट काढू. ४ बाय ६, १२ रुपयाला एक. भाऊंनी कॉम्प्युटरवर फोटो उघडले, दहा-बारा बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "ताई, यात माणूस कुठंय?" मी म्हटलं नाहीये. म्हणाले, "बरं. पण मग हे कशाचे आहेत?" मी म्हटलं कुलूप. ते म्हणाले ते दिसतंय हो.

दुसऱ्या दिवशी प्रिंट हातात आल्या आणि माझा चेहरा पडला. कुलूप आहे, लिंबूही आहे, पण खालची सुतळीची गाठ कापली गेलेली. अहो त्या गाठीसाठीच तर काढला होता! खुंट्यांच्या फोटोत वरची खुंटी अर्धी गायब. भाऊ म्हणाले मशीन कापतं ताई, आपल्या हातात नसतं. हे अर्धंच खरं. घरी येऊन पट्टी घेऊन बसले तेव्हा गणित कळलं. मोबाइलच्या फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण सहसा ४:३ असतं आणि ४ बाय ६ च्या कागदाचं ३:२. म्हणजे ६ इंच रुंदी भरायची तर फोटोला उंची साडेचार इंच लागते, कागद चारच इंच, अर्धा इंच जातो. नववा भाग गेला की. लग्नाच्या फोटोत वरून थोडा मांडव गेला, खालून थोडी सतरंजी गेली तर कुणाचं काय जातं, माणसं मधोमध असतात. माझ्या फोटोत जे काय असतं ते कडेलाच असतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली मनाला. धुळ्याला मावशीकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराची पुरणपोळी असते, चुलीवर उपडं घातलेलं खापर, त्याच्यावर ती हातावरून पसरत नेलेली पातळ पोळी. सगळे पोळीचा व्हिडिओ काढतात. मी पोळ्या झाल्यावर विझत्या चुलीवरचं नुसतं खापर काढलेलं, त्याच्या कडेची काजळी, पाठीवर आलेली तुकतुकीत चमक आणि तीत केसाएवढी एक चीर. फ्रेमभर काळंच. प्रिंटमध्ये ते खापर राखाडी झालं, सिमेंटच्या कुंडीसारखं. आणि चुन्याच्या भिंतीवरची कुंकवाची बोटं होती त्या फोटोत भिंत मळकट. कारण साधं आहे, लॅबच्या सॉफ्टवेअरला ऑटो करेक्शन असतं आणि ते प्रत्येक फोटो सरासरी उजेडावर आणायला बघतं, सगळं काळं दिसलं की त्याला वाटतं फोटो अंधारात काढलाय, उजळव. सगळं पांढरं दिसलं की वाटतं उजेड जास्त झाला, कमी कर. चेहऱ्यांचं बरंच जमतं त्याला. खापराचं नाही जमत.

आणि एक चूक माझीपण. घाईत सहा-सात फोटो चॅटवरूनच पाठवले होते, तिथे फोटो दाबून लहान होतो, एसटीच्या सीटवर कुणीतरी पिनेने कोरलेलं नाव पार साबण लावल्यासारखं गुळगुळीत आलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सरळ पेन ड्राइव्ह न्या. ४ बाय ६ ला ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, मोबाइल त्यापेक्षा कितीतरी जास्त देतो, पण मधे दाबायचा नाही.

आता चांगलं सांगते. मी प्रिंट घेऊन परत गेले, भांडायला नाही पण तोंड वाकडं करूनच, आणि भाऊंनी शांतपणे खुर्ची ओढून मला स्क्रीनशेजारी बसवलं. असं कोण करतं? ऑटो करेक्शन बंद केलं. फिट नावाचा पर्याय लावला, त्यात पूर्ण फोटो बसतो आणि दोन्ही बाजूंना साधारण एक तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी राहते, ती मला उलट आवडलीच. ज्यांना पट्टी नको त्यांनी ६ बाय ८ मागा, तो ४:३ च आहे, काहीच कापलं जात नाही, फक्त पैसे जास्त. ग्लॉसीऐवजी मॅट घेतला कारण ग्लॉसीवर आमच्या घरातल्या पोरांची बोटं उठतात, आणि खापराची चमक मॅटवर खोटी वाटत नाही. काळा म्हणजे काळा आला. चीर दिसली! ती बघून भाऊच म्हणाले, "अरे, हे तडकलंय." पहिल्या खेपेला त्यांना ती दिसलीच नव्हती.

दुसऱ्या खेपेचे पैसे निम्मेच घेतले, मी पूर्ण देत होते तरी. फ्रेमचा आग्रह मात्र जरा जास्त करतात. करायचीच तर काच आणि प्रिंटच्या मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, टाकून घ्या, हवा दमट झाली की प्रिंट काचेला चिकटायची भीती, मग सोडवताना फोटोचा वरचा थर काचेवरच राहतो. लॅमिनेशन नको म्हणा सरळ, त्याने सगळं हॉटेलच्या मेनू कार्डासारखं दिसतं.

एक स्टार कापते पहिल्या खेपेसाठी, कारण छापायच्या आधी एकदा विचारायला हवं होतं की कापू का. पाचपैकी चार देते.

जाणार असाल तर दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, बंद नसतं, वाकून आत जायचं. आणि तो खिळ्याचा कोट बघा, कॉलर घामाने आणि तेलाने पार पांढुरकी झालीये. त्याचा फोटो काढला मी, भाऊंना विचारून. ते म्हणाले काढा, पण मग तो घालून बसा तरी.